जुन्या ट्राय-अँग ‘प्रिन्सेस’ला डीसीसी आणि आवाज : एक्स०४ मोटर इन्सुलेट कशी करायची, डिकोडर कोणता?

सिग्नल_डाउन :

ट्राय-अँग कंपनीचं ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ हे मॉडेल रेल्वेचं इंजिन आहे, ओओ गेज (मॉडेलचं एक ठरलेलं माप), एक्स०४ मोटर. बॉडी प्लॅस्टिकची, चासी ओतीव धातूची, मागे सहा चाकी टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा). १२ व्होल्टच्या साध्या डीसी कंट्रोलरवर चालतं, पण सुटताना झटका देतं आणि हळू चालवायला गेलं की पॉइंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) बंद पडतं. हे इंजिन डीसीसीवर (रुळातून डिजिटल संदेश जातात आणि इंजिनातला डिकोडर ते वाचून मोटर चालवतो, त्या पद्धतीवर) आणायचं आहे आणि त्यात आवाजही हवा : वाफेचे ठोके, शिट्टी, इंजेक्टर, सगळं.

अडचणी अशा. मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारा कार्बनचा तुकडा) थेट चासीला जोडलेला आहे आणि चासी एका बाजूच्या रुळाला. डिकोडरला तर दोन्ही ब्रश मोकळे लागतात. ब्रशच्या स्प्रिंगला एका पायावर नळी आहे, दुसऱ्यावर नाही. तेवढी दुसरी नळी घातली की काम होतं का, की आणखी कुठे करंट गळतो? दुसरं, ही मोटर आजच्या मोटरांपेक्षा जास्त करंट ओढते. कोणता डिकोडर तग धरेल? तिसरं, इंजिनाच्या पोटात मोटर आणि वजनाचा ठोकळा सोडून जागाच नाही, म्हणजे डिकोडर, स्पीकर सगळं टेंडरमध्ये. टेंडरच्या चाकांवरून सध्या वीज घेतली जात नाही.

एकच अट : बॉडी कापायची नाही, भोकं पाडायची नाहीत. उद्या मूळ रूपात आणायचं ठरलं तर आणता आलं पाहिजे.

ब्रश_आणि_स्प्रिंग :

नळी घालणं हे काम पाच मिनिटांचं आहे. त्याच्या आधी मोटर डिकोडर लावण्याच्या लायकीची आहे का हे बघणं जास्त महत्त्वाचं. जळालेल्या डिकोडरांपैकी बरेचसे न तपासलेल्या मोटरीमुळे जळतात.

सुरुवात चासीपासून करा. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर तो धातू आतून फुगतो आणि तडकतो. याचा त्रास युद्धापूर्वीच्या मॉडेलांना जास्त होतो, पण चासी वाकलेली नाही ना, आसांची भोकं लांबट झालेली नाहीत ना, बारीक केसासारख्या भेगा नाहीत ना, हे भिंगाखाली बघून घ्या. भेगा असतील तर त्याला इलाज नाही आणि त्या चासीवर खर्च करू नका.

मग मोटर बाहेर काढा, पण आर्मेचर (मोटरचा वेढ्यांचा फिरणारा भाग) काढू नका. या मोटरीतलं चुंबक जुन्या प्रकारचं आहे. आर्मेचर बाहेर काढलं की चुंबकाच्या दोन टोकांमधला लोखंडाचा मार्ग तुटतो आणि चुंबक काही अंशी उतरतं, परत बसवल्यावर ती ताकद आपोआप भरून येत नाही. अगदीच काढावं लागलं तर दोन्ही पोलपीसवर (चुंबकाच्या टोकांच्या लोखंडी तुकड्यांवर) आधी लोखंडी पट्टी आडवी टेकवायची आणि मगच आर्मेचर सरकवायचं.

कम्युटेटर (आर्मेचरवरचे तांब्याचे तीन पत्रे, ज्यांवर ब्रश घासतात) साफ करताना पॉलिश पेपर अजिबात वापरू नका. त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि मग ब्रश झिजत राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायचा. डाग हट्टी असेल तर फायबरग्लास पेन्सिल अगदी हलक्या हाताने, आणि तिचे तंतू निघाले की पुन्हा अल्कोहोलने पुसायचं. खरी घाण तीन पत्र्यांमधल्या फटींत असते. ब्रशचा कार्बन आणि जुनं तेल मिळून तिथे काळी पेस्ट बसते आणि ती वीज वाहते. लाकडी दात कोरायच्या काडीचं टोक सपाट करा आणि प्रत्येक फट खरवडून काढा. इंजिन झटका देऊन सुटतं त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

आता मीटर. कम्युटेटरचे तीन पत्रे दोन-दोनच्या जोडीने मोजा. तिन्ही वेळा रोध जवळपास सारखा आला पाहिजे. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा, नाहीतर एवढ्या लहान आकड्यांत तोच गोंधळ घालतो. एखादी जोडी ठळकपणे कमी दाखवत असेल तर त्या कॉइलचे वेढे आतून चिकटलेत. आर्मेचर बदला, त्याच्यावर डिकोडर लावू नका. त्यानंतर मीटर मेगओहमवर ठेवून प्रत्येक पत्रा ते आर्मेचरची दांडी असं मोजा. काहीच दाखवायला नको. ही चाचणी लोक विसरतात. ब्रश कितीही चोख इन्सुलेट केले तरी वेढ्यांचं जुनं व्हार्निश फाटलेलं असेल तर करंट दांडीतून, तिथून बेअरिंगमधून चासीत उतरतो, आणि डिकोडरची मोटरची बाजू थेट रुळाला भिडते.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्प्रिंगच्या दुसऱ्या पायावर नळी घाला, दोन्ही पाय झाकले गेले की स्प्रिंगमार्फतचा रस्ता बंद होतो. नळी टेफ्लॉनची घ्या. हीट-श्रिंक मऊ असतं, स्प्रिंग सतत दाबत राहते आणि काही काळाने तार त्यातून आरपार जाते. बारीक वायरचं टेफ्लॉन आवरण सोलून काढलं तरी चालतं. त्यानंतर मोटरचा ब्रशधारक चासीच्या कुठल्या भागाला किंवा वजनाला टेकत नाही ना बघा, शंका वाटली तर मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी इन्सुलेशनची चिकटपट्टी) लावा. ब्रशधारकाच्या पितळी पानाला वायर डागताना (सोल्डर करताना) स्प्रिंग आणि ब्रश बाजूला काढून ठेवा, कारण उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो. पान आधी खरवडा, फ्लक्स लावा, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, दोन-तीन सेकंदांत डाग बसला पाहिजे. जास्त वेळ टेकवलंत तर खालची इन्सुलेशनची पाटी जळते.

सगळं बसवून झालं की चार मापं : एक ब्रश ते डावी चाकं, तोच ब्रश ते उजवी चाकं, मग दुसऱ्या ब्रशची दोन. चारही ठिकाणी मीटर उघडं सर्किट दाखवायला हवं, तेही चाकं हाताने फिरवत असताना. मोटर चासीला आवळल्यावर एकदा आणि बॉडी बसवल्यावर पुन्हा एकदा मोजा. बॉडी बसवताना वायर चिमटली जाऊन होणारे शॉर्ट याच वेळी सापडतात.

चासी एका रुळाला जोडलेली राहिली तरी काही बिघडत नाही. ती डिकोडरच्या लाल किंवा काळ्या वायरीचं टोक म्हणून वापरायची. मोकळी हवी ती फक्त मोटर.

शेवटी करंट. १२ व्होल्ट डीसीवर, मालिकेत अँपिअरमीटर लावून, इंजिन उलटं धरून चालवा. रिकामं फिरताना अर्ध्या अँपिअरच्या वर जात असेल तर साफसफाई नीट झालेली नाही, किंवा ब्रशची स्प्रिंग फार कडक आहे, किंवा चुंबक थकलंय. मग चाकं बोटांनी घट्ट धरून एक-दोन सेकंद, त्याहून जास्त नाही, थांबलेल्या मोटरीचा करंट बघा. हे दोन आकडे इथे लिहा, डिकोडर त्यावरून ठरेल.

अरुंद_गेज :

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोटरच बदला. पाच पोलची बंद डब्यातली छोटी मोटर, दोन्ही टोकं मुळातच चासीपासून वेगळी, करंट निम्म्याहून कमी. मूळ मोटर एकाच स्क्रूवर आणि पुढच्या खुंटीवर बसते, त्याच जागी बसणारा थ्रीडी प्रिंट केलेला कंस करता येतो. चासीला हात लावावा लागत नाही, जुनी मोटर डबीत जपून ठेवा. मंद वेगात जो फरक पडतो तो ट्यूनिंगने कधीच मिळणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. मोटरीच्या दांडीचा व्यास आणि वर्मचं (दांडीवर बसणाऱ्या मळसूत्री गिअरचं) भोक मोजून घ्या, जमत नसेल तर मधली पितळी नळी लागते. आणि वर्म व गिअरच्या दातांत कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवा. कंस अर्धा मिमी जरी खाली बसला तरी दाते घासतात, करंट वाढतो आणि आवाजाचा डिकोडर ती घरघर झाकू शकत नाही.

ब्रश_आणि_स्प्रिंग :

@अरुंद_गेज, बंद मोटरीची चाल गुळगुळीत असते हे मान्य. पण ज्याला इंजिन मूळ रूपात राखायचं आहे त्याने एक्स०४ चांगली असताना बाहेर काढू नये असं माझं ठाम मत आहे. ही मोटर दुरुस्त करता येते : ब्रश, स्प्रिंग, आर्मेचर सुटं मिळतं. बंद मोटर बिघडली की फेकून द्यावी लागते. आधी आकडे येऊ द्या.

पंधरा_व्होल्ट :

डिकोडरबद्दल. टेंडरमध्ये जागा असल्यामुळे छोट्या आकाराच्या मोहात पडू नका. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड ५ या आवाजाच्या डिकोडरला मोटरीसाठी सलग १.५ अँपिअरची क्षमता आहे, त्याच्याच मायक्रो आवृत्तीला जवळपास निम्मी. झिमो कंपनीच्या मोठ्या आकाराच्या आवाजाच्या डिकोडरांनाही हे काम जमतं. थांबलेल्या मोटरीचा करंट डिकोडरच्या सलग क्षमतेच्या आत बसला पाहिजे, हा नियम जुन्या मोटरींसाठी पाळाच. आजचे डिकोडर जास्त भार आला की स्वतःला बंद करतात हे खरं, पण पुन्हा पुन्हा तसं घडत राहिलं तर ते संरक्षण कायम पुरेल असं नाही. शिवाय डीसीसीत रुळावर १४ ते १६ व्होल्ट असतात, म्हणजे १२ व्होल्टवर मोजलेला आकडा तिथे साधारण चतुर्थांशाने वाढतो हे धरून चला.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल : इंजिन पुढे जात असताना उजव्या रुळाकडून. काळी : डाव्या रुळाकडून. नारिंगी आणि करडी : मोटर. निळी : दिव्यांचा सामायिक धन. पांढरी : पुढचा दिवा. पिवळी : मागचा. काळी वायर म्हणजे ऋण टोक नव्हे, ती रूळ आहे. स्टे-अलाइव्हचा (क्षणभर वीज तुटली तरी डिकोडर चालू ठेवणारा) कपॅसिटर निळ्या आणि काळ्याच्या मध्ये जोडणारे बरेच जण आहेत आणि त्यांचा डिकोडर त्याच क्षणी जातो. कपॅसिटरचं ऋण टोक डिकोडरच्या स्वतःच्या ग्राउंडच्या पॅडवर जातं. ते पॅड कुठे आहे ते त्या डिकोडरच्या पुस्तिकेतल्या आकृतीत बघा, अंदाजाने डागू नका.

मोटरच्या टोकांवर किंवा चासीच्या खाली जुना रेडिओ-खरखर थांबवणारा कपॅसिटर असेल तर तो काढून टाका. डिकोडर मोटरला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि मधल्या बंद क्षणांत मोटर उलट किती व्होल्ट निर्माण करते ते मोजून वेग ओळखतो. कपॅसिटर मध्ये असला की ते मोजमाप बिघडतं आणि इंजिन मंद वेगात उचक्या देत चालतं.

इंजिन आणि टेंडर यांच्यात चार वायरी लागतील : दोन मोटरच्या, दोन रुळाच्या. मध्ये चार टोकांचा १.२७ मिमी अंतराचा छोटा कनेक्टर टाका, म्हणजे दोघांना वेगळं करता येईल. वायर सिलिकॉन आवरणाची, मऊ. कडक वायर टेंडरला रुळावरून उचलते. किती सैल ठेवायची ते सरळ रुळावर ठरवू नका. ३७१ मिमी त्रिज्येच्या पहिल्या वळणावर, दोन्ही दिशांना, ढकलून बघा.

पॉइंटवर बंद पडण्याचं मूळ टेंडरमध्ये आहे. सध्या तुम्ही फक्त इंजिनाच्या मोठ्या चाकांवर वीज घेताय. टेंडरची चाकं प्लॅस्टिकची असतील तर आसाची लांबी मोजून तशीच धातूची बसवा, एका बाजूला इन्सुलेशन असलेली चालतील. टेंडरच्या तळाला तांबं चढवलेल्या सर्किट बोर्डाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर ०.३ मिमी फॉस्फर ब्राँझच्या तारेचे स्पर्शक डागा. स्पर्शक चाकाच्या पाठीला हलकेच टेकावेत. चाक टिचकीसरशी फिरलं पाहिजे आणि स्पर्शक सुटता कामा नये, या दोन्ही अटी एकदम पूर्ण होईपर्यंत तार वाकवत राहायची. एवढं केलंत की निम्मं दुखणं संपतं. आवाज नसलेलं इंजिन क्षणभर वीज तुटली तरी पुढे निघून जातं. आवाजाच्या डिकोडरला तेवढा क्षण पुरतो, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि मध्येच शांत होऊन बॉयलर पेटवायचा आवाज काढतो.

स्टे-अलाइव्हबद्दल हिशेब करून बघा. २२०० मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर, मोटर ०.४ अँपिअर घेतेय, व्होल्टेज ६ व्होल्टने उतरेपर्यंत वेळ मिळतो तो सुमारे ३३ मिलिसेकंद. आधुनिक मोटरला हे पुरतं, एक्स०४ ला नाही. २.७ व्होल्ट, १ फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर मालिकेत लावले तर १६.२ व्होल्ट सहन करणारी एक षष्ठांश फॅरडची पेटी तयार होते आणि त्याच हिशेबाने अडीच सेकंद मिळतात. पाच लावू नका. १३.५ व्होल्टच्या वर ते फुगतात आणि तुमचा रूळ त्याच्या वर आहे. चार्जिंगसाठी १०० ओहम, १ वॅटचा रोध आणि त्याला समांतर, डिस्चार्जच्या दिशेने डायोड. रोध विसरलात तर इंजिन रुळावर ठेवताक्षणी बूस्टरला (रुळाला वीज पुरवणाऱ्या डीसीसीच्या भागाला) शॉर्ट झाल्यासारखं वाटतं आणि तो बंद पडतो. डिकोडरच्या कंपनीचं तयार मॉड्यूल मावत असेल तर तेच घ्या, त्यात चार्जिंगचं नियंत्रण आधीच असतं.

भोंगा :

आवाजाच्या बाजूचं मी सांगतो.

स्पीकरचा रोध डिकोडरच्या मर्यादेत हवा. लोकसाउंड ५ ला ४ ते ३२ ओहम चालतात. जुन्या पिढीच्या काही डिकोडरांना १०० ओहमचाच स्पीकर लागायचा. त्यांना ८ चा लावला की अँप्लिफायर जळतो, म्हणून जुना डिकोडर हाताशी असेल तर आधी त्याची पुस्तिका वाचा. दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर लावले की ४ होतात, दोन ४ चे मालिकेत लावले की ८. स्पीकरच्या दोन्ही वायरी फक्त डिकोडरला. त्यातली एकही चासीला, रुळाला किंवा निळ्या वायरीला लागता कामा नये, कारण दोन्ही बाजूंनी अँप्लिफायर ढकलत असतो, एकही बाजू शून्यावर नसते.

डबा हवाबंद असणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पडद्याच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज एकमेकांना खातात. मागची हवा कोंडली नाही तर वाफेचा ठोका कागद फाडल्यासारखा ऐकू येतो. ११ × १५ मिमीच्या चौकोनी स्पीकरला सोबतच्या प्लॅस्टिकच्या रिंगा चिकटवून, मागून तळ बसवून, सगळ्या कडा पांढऱ्या गोंदाने भरा. वायरी जिथून बाहेर येतात ते भोक विसरलं जातं, तिथेही एक थेंब. तपासायची पद्धत : पडदा बोटाच्या टोकाने अगदी हलका दाबा आणि सोडा. डबा हवाबंद असेल तर पडदा सावकाश परत येतो, गळत असेल तर लगेच उसळतो.

तुमच्या टेंडरची आतली रुंदी, उंची मोजा आणि मावेल तितका मोठा स्पीकर घ्या. २० × ४० मिमीचा लांबट स्पीकर बसला तर ११ × १५ च्या जोडीपेक्षा खालचे सूर बरेच भरतील. स्पीकरचं तोंड खाली, टेंडरच्या तळाकडे ठेवा. तळात जुन्या स्क्रूंची, आसांच्या चौकटीची जी मोकळी जागा असते तेवढी आवाजाला पुरते, नवीन भोक पाडायची गरज नाही. कोळशाचा ढीग सुटा निघत असेल तर तोंड वर करून त्या ढिगाखाली ठेवण्याचा पर्याय आहे, आणि तो जास्त चांगला वाजतो. टेंडरच्या भिंती पातळ प्लॅस्टिकच्या आहेत, त्या थरथरतात. डब्याभोवती १ मिमी फोमची चिकटपट्टी लावा आणि सगळ्या वायरी कॅप्टॉनने बांधून टाका. सुटी वायर भिंतीला लागून जी खरखर करते तिला लोक स्पीकर फाटला समजतात.

आवाजाची फाइल निवडताना ठोक्यांकडे लक्ष द्या. खरी प्रिन्सेस रॉयल इंजिनं विल्यम स्टॅनियर यांच्या आराखड्याची, पहिली दोन १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या क्रू या गावी बांधलेली. सिलिंडर चार असले तरी चाकाच्या एका फेऱ्यात ठोके चारच ऐकू येतात. तीन सिलिंडरच्या इंजिनाची फाइल टाकलीत तर सहा ठोके पडतील आणि जाणकार कानाला ते लगेच खटकेल.

ठोके चाकाशी जुळवायचे ते सगळ्यात मंद वेगाला. खऱ्या इंजिनाचं मोठं चाक १.९८ मीटर व्यासाचं. ताशी ६० मैलांना ते सेकंदाला चारपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या घेतं, म्हणजे सेकंदाला सतरा-अठरा ठोके. एवढ्या वेगाला कोण मोजणार? स्टेशनातून सुटताना मात्र डोळा कनेक्टिंग रॉडवर असतो आणि एक ठोका चुकला तरी दिसतो. लोकसाउंडमध्ये हे सीव्ही (डिकोडरच्या क्रमांक दिलेल्या सेटिंग) ५७ आणि ५८ ने जुळतं. वेगाच्या पहिल्या पायरीवर इंजिन ठेवा, चाकावर खडूची खूण करा, आणि एका फेऱ्यात चार ठोके येईपर्यंत ५७ बदला, मग वेग वाढवून ५८ ने वरची बाजू जुळवा. हे काम मोटरचं ट्यूनिंग संपल्यावरच करा, कारण सेन्सर नसेल तर डिकोडर ठोक्यांचा अंदाज मोटरीच्या वेगावरूनच बांधतो.

आणि आवाज कमी ठेवा. सीव्ही ६३ मध्ये एकूण पातळी ० ते १९२ असते. ९० ते १०० पासून सुरुवात करा. छोटा स्पीकर पूर्ण पातळीवर फाटका वाजतो, आणि बंद खोलीत एवढा आवाज अर्ध्या तासात नकोसा होतो.

सिग्नल_डाउन :

सर्वांचे मनापासून आभार. फटी खरवडून काढल्या, त्यात खरोखरच काळी पेस्ट होती. आता मापं :

कम्युटेटरच्या तिन्ही जोड्या एकमेकींपासून अर्ध्या ओहमच्या आत. पत्रा ते दांडी : उघडं. नळी घातल्यावर चारही ठिकाणी उघडं, पण मोटर चासीला आवळली की एका ब्रशपासून चासीपर्यंत शून्य दाखवतं. स्क्रू सैल केला की जातं. करंट : रिकामं ०.४५, चाकं धरल्यावर १.३ अँपिअर. १२ व्होल्टवर वेग मात्र भलताच आहे, आणि चढावर डबे जोडले की ताकद कमी पडते.

ब्रश_आणि_स्प्रिंग :

आवळल्यावर शून्य येतं म्हणजे ब्रशधारकाचं पान किंवा त्याला डागलेल्या वायरीचा गोळा चासीच्या कठड्याला टेकतोय. सोल्डरचा डाग सपाट करा, वायर पानाच्या वरच्या अंगाने काढा आणि कठड्यावर कॅप्टॉनचे दोन थर द्या. स्क्रूच्या खाली इन्सुलेशनचा वॉशर घालायची गरज नाही, मोटरची फ्रेम चासीला लागलेली चालते.

वेग जास्त, ताकद कमी, करंट जास्त : हे तिन्ही एकत्र आलं की चुंबक थकलेलं असतं. मोटर फिरताना स्वतः उलट व्होल्टेज निर्माण करते आणि ते पुरवठ्याच्या जवळ पोचलं की वेग थांबतो. चुंबक कमजोर असेल तर तेवढं व्होल्टेज तयार करायला मोटरला जास्त वेगाने फिरावं लागतं. आणि तेवढीच ओढ द्यायला जास्त करंट लागतो. तेल, सफाई याने हे सुधारणार नाही.

दोन मार्ग आहेत. एक, पूर्ण मोटर जोडलेल्या अवस्थेत चुंबक नव्याने भारून घ्या, ज्याच्याकडे मॅग्नेटायझर आहे त्याच्याकडून. मूळपण टिकवायचं असेल तर हाच मार्ग. दुसरा, चुंबकाचा ठोकळा काढून त्या जागी निओडिमियमच्या पातळ चकत्या आणि उरलेल्या जागेत पोलादाचे तुकडे. पूर्ण जागा निओडिमियमने भरू नका. चुंबक अति ताकदीचं झालं तर तीन पोलचं आर्मेचर प्रत्येक पोलवर अडकतं आणि मंद वेगात टकटक करत फिरतं. एका चकतीपासून सुरुवात करा, करंट मोजा, गरज असेल तरच दुसरी. चकत्यांची दिशा उलटी पडली तर इंजिन उलटं चालेल, बाकी काही बिघडणार नाही, नारिंगी आणि करडी वायर अदलाबदल करायची. ठोकळा काढण्याआधी त्यावर उत्तर टोकाची खूण करून ठेवा. काढलेला ठोकळा लोखंडी पट्टीला चिकटवूनच डबीत ठेवा.

यानंतर रिकाम्या चालीचा करंट ०.३ च्या आसपास यायला हवा.

पंधरा_व्होल्ट :

१.३ अँपिअर १२ व्होल्टला म्हणजे १५ व्होल्टच्या रुळावर १.६ च्या वर. आत्ता डिकोडर लावू नका, लोकसाउंड ५ च्या १.५ च्या बाहेर जातंय. थांबलेल्या मोटरीचा करंट मात्र चुंबक बदलून उतरत नाही, तो व्होल्टेज भागिले आर्मेचरचा रोध एवढाच असतो. चुंबक सुधारल्यावर मोटर थांबायची वेळ कमी येईल हा फायदा. म्हणून दोन्ही करा : चुंबक दुरुस्त करा, आणि कमांड स्टेशनवर (डीसीसीचे संदेश पाठवणाऱ्या मुख्य यंत्रावर) रुळाचं व्होल्टेज बदलता येत असेल तर १३.५ वर आणा. मग तो आकडा १.४६ च्या आसपास बसतो. व्होल्टेज बदलता येत नसेल तर एका मोटर-वायरीत २ ओहम, ३ वॅटचा रोध मालिकेत टाका. वरचा वेग थोडा कमी होईल, या इंजिनाला तो नाहीतरी जास्तच आहे. रोध टेंडरच्या प्लॅस्टिकला टेकवू नका, तो गरम होतो.

पहिली जोडणी मुख्य रुळावर नको. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवा, तिथे करंट मर्यादित असतो आणि जोडणीत चूक असली तरी डिकोडर वाचतो. सीव्ही ८ वाचा. १५१ आलं की ईएसयूचा डिकोडर नीट बोलतोय. काहीच वाचलं जात नसेल तर आधी मोटरच्या वायरी तपासा. डिकोडर उत्तर देताना मोटरमधून क्षणभर किमान ६० मिलिअँपिअर ओढतो आणि कमांड स्टेशन तो झटका ओळखतं. मोटर तुटलेली असेल तर उत्तरच जात नाही. स्टे-अलाइव्हमुळेही वाचन फसतं, त्यामुळे तो शेवटी जोडा.

इंजिनाला पत्ता (ज्या क्रमांकाने कमांड स्टेशन त्याला हाक मारतं तो) ६२०१ द्यायचा असेल तर बहुतेक कमांड स्टेशन स्वतः हिशेब करतात. हाताने करायचा तर ६२०१ ला २५६ ने भागा : भागाकार २४, बाकी ५७. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक २४ म्हणजे २१६, सीव्ही १८ मध्ये ५७. सीव्ही २९ मध्ये ३४ : लांब पत्ता आणि २८/१२८ पायऱ्या चालू, डीसीवर चालणं बंद. डीसीची सोय मुद्दाम बंद ठेवा. मळक्या रुळावर संदेश तुटला की काही वेळा डिकोडरला वाटतं की आपण डीसीवर आहोत, आणि इंजिन पूर्ण वेगाने सुटतं.

ट्यूनिंगच्या आधी सीव्ही ३ (वेग घ्यायचा वेळ) आणि ४ (थांबायचा वेळ) शून्यावर ठेवा, म्हणजे मोटरचं खरं वागणं दिसेल. मोकळा, सरळ, निदान दोन मीटर रूळ घ्या. सीव्ही ५४ मध्ये ० लिहून कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबलं की लोकसाउंड ५ स्वतः मोटर मोजतो. इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने धावेल, पुढे हात तयार ठेवा. त्यानंतरही मंद वेगात उचक्या राहिल्या तर सीव्ही ५४ थोडा उतरवा. या मोटरीला फ्लायव्हील नाही, तेव्हा सीव्ही ५५ किंचित वाढवून बघा. थ्रॉटलच्या शेवटच्या टप्प्यात वेग वाढतच नसेल तर सीव्ही ५३ पाच-आठने कमी करा. एका वेळी एकच सीव्ही बदला आणि जुनं मूल्य लिहून ठेवा.

सीव्ही ९ मध्ये मोटरची वारंवारिता किलोहर्ट्झमध्ये असते. जाड वेढ्यांच्या या जुन्या मोटरींना ४० ऐवजी २० वर सुटताना जास्त ओढ मिळते, ते बघून ठेवा. शेवटी सीव्ही ३ मध्ये ६० : ईएसयूच्या हिशेबात एकक पाव सेकंदाचं, म्हणजे शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत १५ सेकंद. थ्रॉटल उघडल्यावर इंजिन रेंगाळत वेग घेईल आणि ठोके हळूहळू जवळ येत जातील. सीव्ही ४ थोडा कमी, ४० पुरे.

भोंगा :

@सिग्नल_डाउन, एक राहिलं. चुंबक आणि २ ओहमचा रोध या दोन्हींमुळे मोटरचा वेग बदलेल, त्यामुळे ५७ आणि ५८ त्यानंतरच लावा. आणि टेंडरची आतली मापं टाका, स्पीकरचा आकार सांगतो.

सिग्नल_डाउन :

मॅग्नेटायझर असलेल्या एका जणाशी बोलणं झालंय, मोटर जोडलेली तशीच नेतोय. टेंडर आतून ६२ × २७ मिमी, तळापासून कोळशाच्या ढिगाच्या खालच्या बाजूपर्यंत १९ मिमी. ढीग सुटा आहे, दोन खाचांवर बसतो.

भोंगा :

मग २० × ४० चा स्पीकर, डब्यासकट १२ मिमी उंच, ढिगाखाली तोंड वर करून. खाली ७ मिमी उरतात, त्यात डिकोडर आडवा बसेल, दोघांमध्ये कॅप्टॉनचा एक थर. सहा सुपरकपॅसिटर मात्र स्पीकरच्या पुढच्या २२ मिमीत तीन-तीनच्या दोन रांगांत उभे मावतात का ते विकत घेण्याआधी त्यांचा व्यास बघून ठरवा : ८ मिमी व्यासाचे असतील तर २४ × १६ लागतात, म्हणजे रुंदीत २४ आणि लांबीत १६, बसतात. उंची १९ च्या आत हवी. ढिगाच्या खाचांच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिमी फट ठेवा, आवाज तिथूनच बाहेर येणार आहे.